मदत हवी आहे: घरबसल्या करायची आतड्यातल्या जिवाणूंची चाचणी, कोणती घ्यावी? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आधीच माफी मागतो, धागा संडासाभोवती फिरणार आहे. जेवताना उघडला असेल तर बंद करा.

वय ४४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर बूड खुर्चीला. दीडेक वर्षापासून पोटाचं तंत्र बिघडलंय. सकाळी उठल्यापासून निघेपर्यंत तीनदा जावं लागतं आणि तिसऱ्यांदा जाऊन आल्यावरही मोकळं वाटत नाही. दुपारी डबा खाल्ला की तासाभरात पोटाचा नगारा. पट्टा एक भोक सैल करून टेबलाखाली लपवत बसतो. भाकरी खाल्ली तरी तेच, पोळी खाल्ली तरी तेच. रात्री झोपेतून उठावं लागत नाही, रक्त वगैरे काही नाही. वजन दोन किलो उतरलंय, पण साखर निघाल्यावर गोड सोडलं, त्यामुळे असेल.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यामुळे पहिला संशय पिंपावर गेला. उकळून, गाळून पिऊन झालं, फरक शून्य. डॉक्टरांनी दोनदा जंताच्या गोळ्या दिल्या, गेल्या महिन्यात पाच दिवस अँटिबायोटिक दिलं आणि शेवटी म्हणाले, "आयबीएस आहे, म्हणजे आतडं हळवं झालंय, टेन्शन घेऊ नका." मार्चएंडला हिशेबनिसाला टेन्शन घेऊ नका सांगणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत नेऊन गर्दी टाळा म्हणण्यातला प्रकार.

पुण्यातल्या भाच्याने अशी एक चाचणी केली. डबी घरी येते, नमुना कुरिअरने जातो, चाळीस पानी रिपोर्ट मोबाईलवर. त्याला १०० पैकी ६१ गुण पडलेत. दहावीला याहून जास्त होते म्हणतो. "मामा, करूनच टाका, आत काय चाललंय ते एकदाचं कळेल."

तीन ठिकाणं बघून ठेवलीत. नावं देत नाही, जाहिरात वाटायला नको. 'अ' साधारण सहा हजाराला, १६एस पद्धत, सोबत आहाराचा तक्ता. 'ब' त्याच्या दुप्पट, 'शॉटगन' म्हणतात, आहारतज्ज्ञाचा फोनही येतो. 'क' सगळ्यात स्वस्त, ठरावीक वीसेक जिवाणूच बघतात, पण त्यासोबत तीन महिन्यांची प्रोबायोटिक पावडर गळ्यात मारतात.

दुप्पट पैसे देण्याइतका फरक आहे का? एप्रिलमध्ये इथे पारा ४२च्या पुढे जातो, नमुना वाटेत शिजणार नाही का? आणि आमच्याकडे भारतीय बैठकीचा संडास आहे, नमुना धरायचा कसा? तिघांच्याही व्हिडिओत कमोडच दिसतो.

बायकोचं मत: "एवढ्या पैशात वर्षाचा शाळू भरून होईल."

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

– खतावणी

---

शाळूचीभाकरी: वहिनींना +१. बाकी माझाही हाच प्रश्न आहे, वाचतेय.

---

सातरस्ता: मी गेल्या उन्हाळ्यात केलीय, त्यामुळे शेवटचे दोन प्रश्न माझे.

नळीत आधीच एक द्रव असतो. तो डीएनए टिकवतो आणि नमुन्यातले जिवाणू पुढे वाढू देत नाही, म्हणून बर्फाशिवाय पाठवता येतं. पण किती तापमानापर्यंत चालतं ते डबीवरच्या कागदावर बघा, तेवढंच खरं. आमचा कुरिअरवाला दुपारी दोनला आला आणि पाकीट गाडीच्या हँडलला लटकवून होटगी रोडला आणखी तीन पार्सलं द्यायला गेला. त्यामुळे नमुना सोमवारी सकाळी द्या. शनिवारी दिलात तर रविवारभर गोडाऊनच्या पत्र्याखाली पडून राहील.

आता बैठकीचं. सोबत एक कागदी झोळी येते, ती कमोडच्या सीटला चिकटवायची असते. आपल्याकडे सीटच नाही! मी यूज अँड थ्रोची खोल पत्रावळ ठेवली. आधी लघवी उरकून घ्या आणि पाणी अजिबात लागू देऊ नका. आपला हात सवयीने टमरेलाकडे जातो, तिथेच घोळ होतो. मग काडीच्या टोकाला भाताच्या शिताएवढं घ्यायचं. जास्त कोंबलं तर द्रव पुरत नाही. पहिली नळी मी अशीच फुकट घालवली, काडी अर्धी भरून.

रिपोर्टात काय आलं विचाराल, तर 'विविधता मध्यम'. पुढे काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

---

पेट्रीडिश: याच विषयातलं काम करते, पण अशा कोणत्याही कंपनीत नाही. थोडं लांबेल.

१६एस म्हणजे जिवाणूंमधला एकच जनुक वाचायचा, तोही बहुधा अर्धामुर्धा. त्यावरून घराणं कळतं, माणूस ओळखता येईलच असं नाही. आडनाव कळलं, नाव नाही. शॉटगनमध्ये नमुन्यातला सगळाच डीएनए तुकड्यातुकड्याने वाचतात, त्यामुळे प्रजातीपर्यंत जाता येतं आणि त्यांच्याकडे कोणती जनुकं आहेत तेही दिसतं. निव्वळ तंत्र बघितलं तर 'ब' सरस. मात्र त्यात तुमचा स्वतःचा डीएनएही थोडा वाचला जातो. तो कुठे साठवतात, कोणाला देतात, पुसून मागता येतो का, हे विचारा.

पण महागडा रिपोर्ट झाला तरी आकडे टक्क्यांतच येतात आणि तिथे लोक फसतात. तुम्ही कापडातले म्हणून तुमचंच उदाहरण घेते. शंभर माग चालू, त्यातले वीस चादरीचे, म्हणजे चादर २० टक्के. उद्या टॉवेलचे चाळीस माग बंद पडले की चादर एकदम ३३ टक्क्यांवर जाते. चादरीचा एकही माग वाढलेला नसतो! 'अमुक जिवाणू वाढला' हे वाक्य वाचताना एवढं आठवा.

दुसरं, 'नॉर्मल' कोणाचं? २०१९ साली एक भारतीय अभ्यास आला, भोपाळकडच्या आणि केरळातल्या ११० निरोगी लोकांचा. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांत प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं प्राबल्य दिसलं. भाकरी-डाळीवर जगणाऱ्या माणसाची तुलना पावावर वाढलेल्या माणसाशी केली तर धडधाकट असूनही तो बिघडलेला दिसेल. तेव्हा कंपनीला विचारा, तुलनेसाठी भारतीय किती, आणि ते कुठले? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

तिसरं, वजनाचा काटा अजून पक्का झालेला नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने प्रयोगशाळांना आपापली पद्धत ताडून बघता यावी म्हणून २०२५ मध्ये प्रमाणित मानवी विष्ठा नळ्यांत भरून विकायला काढली. हसू नका, गरजच होती. डीएनए कसा काढला, कोणत्या यादीशी ताडला यावर आकडे बदलतात, म्हणून दोन कंपन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

१०० पैकी गुण हा ज्या त्या कंपनीचा घरगुती हिशेब आहे. २०२४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं एक एकमत-पत्रक 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात आलं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पेशंटने परस्पर ही चाचणी मागवू नये असं त्यात म्हटलंय. फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडीटीस या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं गुणोत्तर रिपोर्टात देऊ नये, असंही. तुमच्या तिघांच्या नमुना रिपोर्टात ते पहिल्याच पानावर आहे का बघा.

'क' तर सोडूनच द्या. जो तपासतो तोच पावडर विकतो, मग तपासणीत काय निघणार ते आधीच ठरलेलं.

---

खतावणी: पेट्रीडिश ताई, मागाचं उदाहरण डोक्यात फिट्ट बसलं. गुणोत्तर 'अ' आणि 'ब' दोघांच्याही पहिल्या पानावर आहे, रंगीत काट्यासकट. 'ब'ला भारतीय किती ते विचारलं, तर "आमचा डेटाबेस जागतिक आहे सर" असं उत्तर आलं.

---

आगाऊ_कार्टा: मस्त धागा. अवांतर: अमेरिकेत यूबायोम म्हणून याच धंद्यातली गाजलेली कंपनी होती. २०१९ मध्ये विमा कंपन्यांना लावलेल्या बिलांवरून एफबीआयचा छापा पडला, त्याच वर्षी दिवाळं वाजलं, २०२१ मध्ये संस्थापकांवर आरोपपत्र. कशाचा धंदा होईल आणि कशाचं काय होईल, सांगता येत नाही.

---

गुळवेल: व्यवसायाने फिजिशियन आहे. इथे बसून निदान करत नाही, पण मूळ पोस्टमध्ये "साखर निघाल्यावर" असं दोन शब्दांत उरकलंय. गोळी कोणती आणि कधीपासून?

---

खतावणी: मेटफॉर्मिन, साधी, सकाळ-संध्याकाळ. फाईल काढून बघितली. पहिली चिठ्ठी एकोणीस महिन्यांपूर्वीची. पोटाची तक्रार दीड वर्षाची. हिशेबनीस आहे मी, आणि ही बेरीज मला जमली नाही.

---

गुळवेल: बेरीज जुळली म्हणजे तेच कारण असं नाही, पण पहिला संशय तिथेच. मेटफॉर्मिनने जुलाब, गॅस होणं ही अगदी नेहमीची गोष्ट. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल विचारा, तो बऱ्याच जणांना मानवतो. मेटफॉर्मिनने आतड्यातले जिवाणूही बदलतात, अँटिबायोटिकने तर बदलतातच. म्हणजे आज नमुना पाठवलात तर रिपोर्टात तुमच्या औषधांचा फोटो निघेल आणि कंपनी त्यावर पावडर सुचवेल.

वजनाचं "असेल" म्हणून सोडू नका. शौचाची साधी तपासणी (अमीबा, जिआर्डिया), कॅलप्रोटेक्टिन, हिमोग्लोबिन, थायरॉईड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिॲक आजारासाठी टीटीजी, आणि मेटफॉर्मिनमुळे कमी होतं म्हणून बी-१२. कॅलप्रोटेक्टिन आतड्याला सूज आहे का ते सांगतं, आणि त्याच्या आकड्यावर डॉक्टर पुढचं ठरवू शकतात. टीटीजी करेपर्यंत पोळी चालू ठेवा. गहू आधीच सोडला तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. रक्त दिसलं, ताप आला, रात्री उठावं लागलं किंवा वजन आणखी उतरलं, तर धागा सोडा आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

---

शाळूचीभाकरी: डॉक्टर, माझ्या सासूबाईंनाही तीच गोळी आहे. आज फाईल काढते.

---

खतावणी: (तीन आठवड्यांनी) विचारपूस करणाऱ्यांसाठी अपडेट.

सगळ्या तपासण्या नव्या पेठेतल्या लॅबमध्ये केल्या. एकूण खर्च 'अ'च्या डबीपेक्षा थोडा कमीच. कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, टीटीजी निगेटिव्ह, थायरॉईड ठीक, शौचात काही नाही. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांना मेटफॉर्मिनचं विचारलं तर क्षणभर थांबून म्हणाले, "बरोबर आहे की." रात्रीच्या जेवणासोबत हळू विरघळणारी दिली. सकाळचे तीनचे आता दीड झालेत, म्हणजे एखाद्या दिवशी एक, एखाद्या दिवशी दोन. वजन स्थिर आहे.

डबी मागवली नाही. भाच्याने मात्र दुसऱ्यांदा मागवली. मेस तीच, जिम नाही, काही नाही, आणि या वेळी ७४ गुण. पेढे वाटतोय.

नगारा मात्र दुपारी अजून वाजतोच. डॉक्टरांनी पंधरा दिवस दूध बंद करून बघायला सांगितलंय, दही-ताक चालेल म्हणाले. आज नववा दिवस. ऑफिसात कोरा चहा मागवला तर पोऱ्या कप ठेवून तिथेच उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, घरात कोण गेलं का?"