मदत हवी आहे: 150 ड्रोनच्या शोचं बजेट

मुलुंडच्या आमच्या सोसायटीला जानेवारीत 50 वर्षं होतायत. फटाके नकोत, म्हणून ड्रोन शो ठरतोय. हातात 9 लाख, जीएसटी धरून.

दोन कोटेशनं आली: 7.5 लाख आणि 12 लाख, दोन्हीवर 18% जीएसटी वेगळा. स्वस्तवाल्याच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात ‘परवानग्या आयोजकांकडे’! घासाघीस झाली, तो हलत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा पाहिला. विमानतळापासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर यलो झोन, म्हणजे एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी. पोलिसांची वेगळी. तारीख हलणार नाही, ड्रोन कमी चालतील.

ज्यांनी मुंबईत शो केलाय त्यांनी सांगा: परवानग्या, विमा, रंगीत तालीम यांसाठी वेगळे किती धरावेत? आणि वाऱ्यामुळे ऐनवेळी रद्द झाला, तर ॲडव्हान्स परत मिळतो का?