बी विंगला दोन चलानं

*श्रीकांत काका बी ५०४:* नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. काल चलानचे दोन मेसेज आले, दोन्ही ओव्हरस्पीड, दोन्ही दोन-दोन हजार. एक एक्सप्रेसवेचं, घाट उतरताना, वेग ७८ लिहिलाय. दुसरं नाशिक हायवेचं मंचरच्या अलीकडे, आणि त्या दिवशी गाडी हललीच नाही पार्किंगमधून! दोन्हीवर भांडायचंय, कुठे जायचं?

*पाटील काका सी १०१:* भरू नका अजिबात. लोकअदालतीत अर्ध्यात सुटतं. आणि सहा महिने गेले की तसंही बाद.

*रोहित सी ७०१:* काका थांबा, आधी सांगा मेसेजमधली लिंक उघडली का?? व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली असेल तर हात लावू नका, मागे आपल्याच ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेली. महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकून बघा, तिथे दिसलं तरच खरं

*श्रीकांत काका बी ५०४:* तिथूनच बघितलं रे. दोन्ही आहेत, फोटोसकट.

*मेधाताई ए २०३:* काका दोन्ही फोटो पाठवा बरं इथे. नंबर झाका.

*मेधाताई ए २०३:* बघितले. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकत्र कालवू नका. घाटातल्या फोटोत गाडी तुमचीच आहे, मागच्या काचेवर आपला सोसायटीचा स्टिकर दिसतोय. एक्सप्रेसवेवर कारला १०० असले तरी घाटात ६० आहे. ७८ ला ६० च्या पुढे किती ते तुम्हीच बघा.

*श्रीकांत काका बी ५०४:* पण मीटरवर एवढा नव्हता म्हणतात जावईबापू. आणि उतारावर गाडी आपोआप पळते हो.

*रोहित सी ७०१:* मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतच नाही काका, थोडा जास्तच दाखवतो, कंपन्या मुद्दाम तसाच ठेवतात. म्हणजे खरे ७८ असतील तर मीटरवर ८० च्या पुढे काटा होता 😄

*सुलभा काकू बी ५०४:* मी मागून ओरडत होते हळू घ्या हळू घ्या म्हणून. अमृतांजन पूल होता ना पूर्वी तिथपासून. ऐकतंय कोण

*श्रीकांत काका बी ५०४:* सुलभा हे ग्रुपवर कशाला 🙏

*अमेय ए ६०२:* फास्टॅगची वेळ काढा ना, तळेगाव ते खालापूर किती मिनिटं लागली, त्यावरून वेग कमी होता हे सिद्ध होतं

*मेधाताई ए २०३:* नाही होत रे. लोणावळ्याला ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलात तर सरासरी खालीच येणार, म्हणून घाटात ७८ नव्हता असं कसं म्हणणार. जुलै २०२४ ला तिथे आयटीएमएस, म्हणजे गाड्यांवर नजर ठेवणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा, सुरू झालं, त्यात दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढणारे कॅमेरेपण आहेत, तेव्हा चलान स्पॉटचं, म्हणजे एकाच जागी मोजलेल्या वेगाचं, आहे की सरासरीचं एवढं बघून घ्या. सरासरीचं असेल तरच टोलच्या वेळांना काही अर्थ.

*मेधाताई ए २०३:* घाटातल्या चलानवर बोलायचं तर यंत्राबद्दल बोला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नवं करावं लागतं, आणि पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा बोर्ड लागतो. चलानवर मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कलम सगळं हवं. तुमच्यावर आहे. प्रमाणपत्र मागायचा हक्क आहेच, पण घाटाचा खालचा भाग रायगड जिल्ह्यात येतो, म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं तर तिकडच्या. दोन हजारासाठी तारखांना तिकडे जायची हौस असेल तर जरूर भांडा. मी असते तर भरून टाकले असते.

*पाटील काका सी १०१:* वकीलच भरा म्हणायला लागले तर झालंच.

*मेधाताई ए २०३:* पाटील काका, तुमच्या सहा महिन्यांचं पण सांगते. फक्त दंडाचा गुन्हा असेल तर कोर्टाने दखल घ्यायची मुदत सहा महिने आहे हे बरोबर, पण म्हणून चलान गाडीच्या नावावरून आपोआप पुसलं जात नाही. गाडी विकताना, एनओसी घेताना येतं आडवं. आणि लोकअदालत म्हणजे तडजोड. तिथे सही केली की विषय संपला, अपील नाही. ही गाडी माझी नव्हतीच असं म्हणायची ती जागा नव्हे. म्हणून नाशिकवालं चलान तिथे चुकूनसुद्धा नेऊ नका, आणि कटकट नको म्हणून भरूही नका, भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखंच.

*अमेय ए ६०२:* नाशिकच्या फोटोत गाडी पण पांढरीच आहे ना पण

*रोहित सी ७०१:* झूम कर. काकांच्या गाडीला वर रूफ रेल आहेत, ह्याला नाहीत. आणि नंबरात शेवटून दुसरा आकडा मला ८ वाटतोय, काकांचा ३ आहे. कॅमेऱ्याने वाचताना घोळ घातला असणार

*सुलभा काकू बी ५०४:* आणि आम्ही नवीन एचएसआरपी, ती सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसवून घेतली ना दिवाळीच्या आधी, ती तर साधी प्लेट दिसतीये

*मेधाताई ए २०३:* काकू एक नंबर! हेच लिहायचं. ॲपवर ग्रीव्हन्समध्ये जाऊन चलान नंबर निवडा, गाडीचा पुढून-मागून फोटो, आरसी, एचएसआरपीची पावती जोडा आणि दोनच ओळी लिहा, रूफ रेल आणि प्लेट. तुमचा मनस्ताप, ज्येष्ठ नागरिक वगैरे काही लिहू नका, ते कोणी वाचत नाही. तक्रारीचा नंबर आला की स्क्रीनशॉट. चलानवर कुठल्या युनिटचं आहे ते लिहिलेलं असतं, त्यांना लेखी अर्जाची एक प्रत देऊन पोच घ्या. आणि नीट बघा, प्लेटवर खरंच तुमचाच नंबर असेल तर तो कॅमेऱ्याचा घोळ नाही, कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग पोलीस स्टेशनला आजच जायचं, उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

*श्रीकांत काका बी ५०४:* बाप रे. बघतो मोबाइल मोठा करून. गाडी त्या दिवशी इथेच होती त्याचा पुरावा काय देऊ?

*मेधाताई ए २०३:* गेटचा सीसीटीव्ही आणि पार्किंगचा. जोशी साहेब, फुटेज किती दिवसांचं राहतं आपल्याकडे?

*जोशी सेक्रेटरी:* पंधरा दिवस. त्यानंतर वरून नवीन रेकॉर्ड होतं. मोठी हार्डडिस्क घ्यायचा ठराव मागच्या एजीएममध्ये कोणी हाणून पाडला ते मी आत्ता बोलत नाही.

*पाटील काका सी १०१:* बोला बोला. अठरा हजाराची हार्डडिस्क कोण घेतं

*रोहित सी ७०१:* काका चलानची तारीख काय आहे??

*श्रीकांत काका बी ५०४:* १२ तारीख.

*जोशी सेक्रेटरी:* आज २४. म्हणजे अजून आहे. अर्ज लेखी द्या, आत्ता ऑफिसात कुणी नाही पण मी खाली येतो अर्ध्या तासात. पार्किंगचा ३ नंबर कॅमेरा तुमच्या स्लॉटकडे आहे, दिवसभराचं काढून पेनड्राइव्हवर देतो. पेनड्राइव्ह तुमचा आणा.

*मेधाताई ए २०३:* वेळ-तारीख स्क्रीनवर दिसेल असंच काढा हं साहेब, क्लिप कापू नका. आणि डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, घड्याळ बरोबर आहे का बघा, मागे सायकल चोरी झाली तेव्हा चाळीस मिनिटं पुढे निघालं होतं.

*जोशी सेक्रेटरी:* ते दुरुस्त केलंय.

*श्रीकांत काका बी ५०४:* येतो खाली. रोहित, जरा तूही ये बाबा, ते ग्रीव्हन्सचं तूच भर.

*सुलभा काकू बी ५०४:* घाटाचे दोन हजार मी जावईबापूंना सांगते भरायला, तुम्ही मध्ये पडू नका