घरी लकव्याचा पेशंट, करणारं माणूस थकलेलं: धम्मात नेमकं काय सांगितलंय?

पाचपावली_उपासिका:
सर्वांना जयभीम, नमो बुद्धाय. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास चर्चा असते. पुढचा विषय ठरलाय तो अंथरुणावरचा पेशंट आणि त्याचं सगळं करणाऱ्या घरच्यांचा. वस्तीत अशी घरं बरीच आहेत, आणि करणारी बहुतेक ठिकाणी सून नाहीतर मुलगी. तिला "करुणा ठेवा, सगळं अनित्य आहे" एवढं सांगून भागत नाही. ती मान हलवते, घरी जाऊन पुन्हा चिडते, आणि मग चिडल्याचं वाईट वाटून घेते ते वेगळंच. सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, आजाऱ्याच्या सेवेबद्दल हाताने करण्यासारखं काही आहे का? चिडचिडीचं काय करायचं? आणि "मागच्या जन्मीचं भोगतोय" म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचं? छापून वाटता येईल असं एक पान करायचं आहे.

सुत्तवाचक:
आहे, आणि अगदी रोखठोक आहे. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ. त्यातल्या महावग्गात, चीवराच्या (भिक्खूंच्या वस्त्रांच्या) प्रकरणात, एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. भगवंत विचारतात, तुझी सेवा कोणी का करत नाही? तो म्हणतो, मी कोणाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. भगवंत आपल्या शिष्याला, आनंदाला, पाणी आणायला सांगतात. ते स्वतः पाणी ओततात, आनंद धुतो, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून दोघं त्याला मंचकावर ठेवतात. "ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी" हे वाक्य इथलंच. भिंतीवर लिहायला ते सगळ्यांना आवडतं, पण पुढचा भाग कोणी वाचत नाही.

पुढे सेवा करणाऱ्याचे पाच गुण आहेत. औषध तयार करून देता येणं. काय चालतं, काय चालत नाही हे ओळखून चालतं ते जवळ आणणं आणि उरलेलं दूर ठेवणं. लाभासाठी नाही तर मैत्रीने सेवा करणं. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस न करणं. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टीने उभारी देणं. उपदेशाचा नंबर शेवटचा आहे, हे तुमच्या पानावर ठळक छापा.

आजाऱ्याचेही पाच दोष सांगितलेत: अपथ्य करणं, पथ्यातही प्रमाण न राखणं, औषध न घेणं, दुखणं खरं न सांगणं, वेदना सोसायची तयारी नसणं. घरात सगळ्यात जास्त घोळ चौथ्याने होतो. मुलगा विचारतो तेव्हा "बरं आहे", आणि रात्री दोनला सुनेपुढे कण्हणं. त्यावर उपाय म्हणजे रोज एक ठरलेली वेळ, दोघांच्या समोर, तेच चार प्रश्न: कुठे दुखतं, लघवी किती वेळा झाली, पोट साफ झालं का, झोप लागली का. उत्तर वहीत लिहायचं.

अजून एक. सेवेची जबाबदारी आधी उपाध्याय, आचार्य, शिष्य यांची, आणि यातलं कोणीच नसेल तर संघाची. संघाने केली नाही तर संघाला दोष लागतो. एकट्या माणसावर ढकलून मोकळं होण्याची सोय तिथे ठेवलेलीच नाही.

नाईट_ड्युटी:
दुसरा गुण, "चालतं-चालत नाही", याबद्दल नर्सिंगच्या बाजूने लिहिते, कारण मायेने केलेल्या चुकाच जास्त नडतात.

कूस दर दोन तासांनी बदलायची: डावी, पाठ, उजवी. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती रोज उजेडात बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर जखम सुरू झाली, त्या बाजूला झोपवणं बंद. तिथे तेल लावून चोळू नका, आतली नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. रबरी रिंगही नको, ती कडेने रक्त अडवते. टाच टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते, इथे खूप जण फसतात.

लकव्याच्या बाजूचा हात धरून कधीच ओढू नका, खांदा सांध्यातून सरकतो. पेशंटखाली चादर चार पदरी आडवी घाला आणि दोघांनी ती धरून सरकवा. एकटीने रोज ओढलं की तिचीही कंबर जाते.

भरवताना बसतं करायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्याने आधी ठसका लागतो, घट्टसर पदार्थाने कमी. ठसका किंवा भरवल्यावर घोगरा, ओलसर आवाज आला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, नाहीतर अन्न फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. रेक्झिनवर थेट झोपवलं की घामाने कातडी भिजून सुटते, वर जाड सुती चादर हवीच. कूलरच्या दमट हवेत कपडे ओलसर राहतात, हात लावून बघत जा.

आणि चिडचिडीबद्दल: रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईला आधी झोप द्या. सलग पाच तास, आठवड्यातून निदान तीन रात्री. मैत्रीभावनेचं, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचं, त्यानंतर बघू.

आनापान:
झोपेचं पटलं, पण झोप मिळूनही राग येतो, म्हणून थोडं लिहितो.

संयुत्त निकायातलं सल्ल सुत्त आहे, दोन बाणांचं. पहिला बाण अंगाला लागतो: वास, पाठदुखी, तिसऱ्यांदा भिजलेली चादर. दुसरा आपण मारून घेतो: "माझ्याच वाट्याला का", "मी किती वाईट, म्हाताऱ्या माणसावर चिडले". काम दुसऱ्या बाणावर करायचं. पलंगाजवळ जाण्याआधी उंबऱ्यावर थांबून तीन श्वास, आणि अंगात काय चाललंय ते नुसतं ओळखायचं: जबडा आवळलाय, छाती गरम आहे. राग दाबायचा नाही, फक्त तो हातात उतरायच्या आधी दिसला पाहिजे. दहापैकी चार वेळा जमलं तरी चादर बदलताना झटका बसत नाही.

मैत्रीभावनेत बहुतेक जण क्रम चुकवतात. ज्याच्यावर राग आहे त्याच्यापासूनच सुरू करतात आणि दात आवळून "सुखी होवो" म्हणतात. जुने भाष्यकार बुद्धघोष यांनी विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या ग्रंथात क्रम दिलाय: आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना जवळचं ना लांबचं, शेवटी वैरी. त्या दिवशी सासरा चौथ्या जागी असेल तर त्याला चौथ्याच जागी ठेवा. तिथे अडखळलं तर मागे पहिल्यावर या. दहा मिनिटं पुरतात.

त्याच ग्रंथात प्रत्येक भावनेचा जवळचा शत्रू, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा पण घातक भाव, सांगितलाय. करुणेचा जवळचा शत्रू शोक. पेशंटबरोबर रडत बसणं करुणेसारखंच दिसतं, पण त्यात औषधाची वेळ टळते. उपेक्षेचा (इथे अर्थ मनाची समता) जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेपर्वाई. "मी आता समतेत आहे" म्हणत डायपर तासभर तसाच ठेवला, तर ती समता नव्हे.

माहुरझरीच्या धम्म नाग या विपश्यना केंद्रात दहा दिवस जाऊन ये, असा सल्ला अशा बाईला देऊ नका. मागे कोण बघणार ते आधी ठरवा. आणि झोप, भूक उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर तो ध्यानाचा विषय राहिला नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तो पानावर मोठ्या अक्षरात टाका.

दीक्षाभूमी_रोड:
वरचं सगळं ठीक, पण बाप्पा, तीन श्वास तिने घ्यायचे आणि नवरा समोर मोबाईल पाहून राहिला, हे काही धम्मात बसत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तेरावी, प्राणिमात्रावर दया करण्याची, घरातल्या पुरुषांनीही घेतलेली असते न.

"मागच्या जन्मीचं भोगतोय" याचं उत्तर त्याच संयुत्त निकायात, सीवक सुत्तात आहे. सीवक नावाचा परिव्राजक (फिरता संन्यासी) विचारतो, सगळी सुखदुःखं पूर्वकर्मानेच होतात असं काही जण म्हणतात, ते खरं का? भगवंत आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्ही मिळून, ऋतुबदल, चुकीची राहणी, इजा, आणि आठवं कर्माचा विपाक, म्हणजे फळ. सगळं आठव्यातच कोंबणारे चुकतात, असं स्पष्ट आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याशिवाय पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताला दुसरा हेतू दिसत नाही. नातेवाईक फार बोलले तर त्यांना मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत पेशंटसोबत नंबर लावायला पाठवा.

पगारी मावशी ठेवली असेल तर सिगालोवाद सुत्त, गृहस्थाची कर्तव्यं सांगणारं, वाचा. मालकाची पाच कर्तव्यं: झेपेल तेवढंच काम, जेवण आणि वेतन, आजारपणात काळजी, घरातल्या चांगल्या पदार्थात वाटा, वेळेवर सुट्टी. बारा तासांच्या पाळीत तिला बसायला खुर्ची आणि जेवायला अर्धा तास नाही, अन् आपण रोज पंचशील म्हणतो!

पाचपावली_उपासिका:
पान भरलं, साधू! एकच राहिलं. विहारातून पाळीने माणूस पाठवायचा म्हणतोय, म्हणजे घरच्या बाईला सुटका. बाहेरच्याने काय करावं, काय नको?

नाईट_ड्युटी:
एका घराला आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, वार आणि वेळ ठरलेली. दोघांनी जायचं, निदान एकजण पेशंटला ओळखणारा. कूस बदलणं, वहीत नोंद, गप्पा, पेपर वाचून दाखवणं चालेल. गिळायला त्रास असेल तर भरवणं घरच्यांनीच. औषधाचा डोस बदलायचा नाही, स्वतःचे काढे न्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. आणि त्या दोन तासांत बाईने घरात थांबून पाहुण्यांना चहा करायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.