एमएलएस (अमेरिका-कॅनडाची फुटबॉल लीग) प्लेऑफमध्ये दोन मॅचचे गोल एकत्र धरतात का?

सोलापूरकर१०: पार्क मैदानावर खेळून आल्यावर आमच्यात यावरनं जाम वाद झाला. २०२४ ला मेस्सीची टीम मायामी लीगमध्ये ७४ पॉइंटचा रेकॉर्ड करून प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला बाहेर गेली, ते कसं काय बे?

लेफ्टविंग: गोलची बेरीज नाही भावा, पहिल्या राउंडला तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या. मायामीने पहिली २-१ घेतली, अटलांटाने दुसरी २-१, आणि तिसरी ३-२ ने अटलांटाच. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम नाही, थेट पेनल्टी. पुढच्या राउंडपासून मात्र एकच मॅच आणि तिथं एक्स्ट्रा टाइम असतो.

गोलकीपर_सात_रस्ता: ती तिसरी मॅच मी सकाळी मोबाइलवर बघितली, चहा पार गार झाला, मेस्सीने हेडरने २-२ केलं तेव्हा ओरडलो तर आई उठून आली. अटलांटा पूर्व गटात नववी होती हो, वाइल्ड कार्ड म्हणजे आठव्या-नवव्या टीमची जादा मॅच खेळून आलेली! लीगच्या चौतीस मॅचची मेहनत तीन मॅचमध्ये जाते हे मला अजून पटत नाही.

सोलापूरकर१०: आता कळलं. पण २०२५ ला फायनलमध्ये व्हँकुव्हरला ३-१ हरवून मायामीनेच कप उचलला, लई बरं वाटलं.