'हफ्तारा' आणि 'हफ्ता': नातं आहे का?

प्रश्न

आमच्या अभ्यासगटात दर आठवड्याला तोराहचा (यहुदी पवित्र ग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांचा) ठरलेला भाग आणि त्याच्याशी जुळणारा नव्या करारातला उतारा वाचतात. मराठी टिपणं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तोराहचा भाग म्हणजे पाराशा आणि त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातून वाचतात तो हफ्तारा, एवढं कळलं. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'हफ्तारा = हफ्त्याचा तोराह'. गटातल्या एका काकांनी लगेच हरकत घेतली. दुसरं म्हणजे, नव्या करारातल्या उताऱ्याला मी 'नव्या कराराचा हफ्तारा' म्हटलंय. चालेल ना?

प्रतिसाद

काकांचं ऐका. हफ्ता फारसी आहे, 'हफ्त' म्हणजे सात. हफ्तारा हिब्रू. त्यात तोराहसुद्धा दडलेली नाही. हिब्रूत 'त' साठी दोन अक्षरं आहेत, ताव आणि तेत. तोराहमधला त ताव, हफ्तारामधला तेत. (मराठीत नुसतं 'तोरा' लिहिलं की मिरवायचा तोराच आठवतो, म्हणून मी शेवटी ह लावतो.)

हफ्ताराचा धातू प-त-र. अर्थ मोकळं करणं, निरोप देणं, आटोपतं घेणं. तोराहचं वाचन संपवून सभेला मोकळं करणारं वाचन तो हफ्तारा. त्याचा खरा नातेवाईक तुम्हाला रमजानात भेटतो: इफ्तार! अरबीत हाच धातू फ-त-र होतो, आणि उपास सोडणं म्हणजे इफ्तार. दोन्ही शब्द घडलेत तेही एकाच पद्धतीने. एकात वाचन सुटतं, दुसऱ्यात उपास.

प्रतिसाद

वा! यात भर घालतो. तोराहच्या निर्गम या पुस्तकात, १३:२ मध्ये, 'पेतेर' येतो, उदर उघडणारा, म्हणजे प्रथम जन्मलेला. तोच धातू. हे वचन 'बो' नावाच्या पाराशात आहे आणि लूक २:२३ मध्ये बाळ येशूला मंदिरात नेतात तेव्हा उद्धृत केलंय. असा दुवा मला पटतो. निव्वळ 'दोन्हीकडे पाणी आहे' म्हणून जोडलेले उतारे वाचले की हसू येतं.

प्रश्नकर्ता

आणि पाराशा?

प्रतिसाद

प-र-श, वेगळं करणं. वर्षभरासाठी तोराहचे ५४ भाग पाडलेत. बायबलमधले परूशी (येशूच्या काळातला एक यहुदी पंथ) बहुधा याच धातूचे, 'वेगळे राहणारे'. पाराशाचं नाव सुरुवातीच्या शब्दांतून घेतात. आपण नाही का, गणपतीच्या आरतीला 'सुखकर्ता' म्हणतो? पहिली पाराशा 'बरेशीत', म्हणजे 'प्रारंभी'. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातही 'प्रारंभी'नेच. 'बरेशीत'ने सुरू होणाऱ्या उत्पत्ती या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतराचे पहिले दोन शब्दच योहानाने उचललेत. मराठी बायबलमध्ये दोन्हीकडे 'प्रारंभी' ठेवलंय म्हणून ते आपल्याही कानाला कळतं. एका ठिकाणी 'आरंभी' केलं असतं तर दुवा गेला असता.

प्रतिसाद

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, घरातली, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलते. 'नव्या कराराचा हफ्तारा' कृपा करून लिहू नका. हफ्तारा म्हणजेच समारोप. आमच्याकडे त्यापुढे तिसरं वाचन नाही. येशूला मसीहा मानणाऱ्या काही मंडळ्या तो उतारा जोडतात. तो त्यांचा परिपाठ आहे, त्याला आमचं नाव कशाला? आमच्या सगळ्या पवित्र ग्रंथाला आम्ही 'जुना करार' असंही म्हणत नाही, तनाख म्हणतो. शब्द वाटून घेतले म्हणजे ग्रंथ वाटून घेतला असं होत नाही, हे आमच्या कोकणाला जुनं माहीत आहे. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आमची माणसं त्याच्याकडे हिब्रू शिकली, पण जवळजवळ सगळी यहुदीच राहिली.

आणखी एक. पासओव्हर या यहुदी सणासाठीचा ख्रिस्ती बायबलमधला 'वल्हांडण' शब्द मला फार आवडतो, ओलांडण्यावरून आलेला. पण आमच्या जुन्या पिढ्या त्याच सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. म्हणून मराठीत लिहिताना कुणाचा शब्द कुठे वापरतोय हे बघावं.

प्रश्नकर्ता

ताई, चूक मान्य. खोडतो. मग नाझरेथच्या सभास्थानात येशूने यशया या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला (लूक ४), त्याला तरी हफ्तारा म्हणायचं का?

प्रतिसाद

जपून. तोराहनंतर संदेष्टे वाचायची रीत तेव्हा होती, प्रेषितांची कृत्ये १३:१५ मध्ये ती स्पष्ट दिसते. पण आजची ठरलेली यादी तेव्हा होती असं धरू नका. गंमत म्हणजे येशूने वाचलेलं यशया ६१:१-२ आजच्या वार्षिक यादीत येतच नाही. एका आठवड्यात यशया ६० वाचतात, पुढच्यात ६१:१० पासून. त्यावर 'मुद्दाम गाळलं' असे फॉरवर्ड फिरतात. यादीत न बसलेलं यशयात आणखीही बरंच आहे, एवढ्यावरून हेतू चिकटवता येत नाही. टिपणात 'संदेष्ट्यांचं वाचन' लिहा.

प्रश्नकर्ता

पहिल्या आठवड्याचं टिपण असं केलं: पाराशा बरेशीत, उत्पत्ती १:१ ते ६:८. हफ्तारा यशया ४२:५ पासून. जोड उतारा (आमच्या गटापुरता) योहान १:१-१८. ठीक? आणि तो हफ्तारा की ती हफ्तारा?

प्रतिसाद

हिब्रूत ती. मराठीत पसारा, निवारा यांच्या पंगतीत बसून तो झालाय. राहू द्या.

प्रतिसाद

आमच्या घरी तीच आहे हं.