काजू युनिट: जानेवारीत आपल्याकडची बी संपणार, आफ्रिकेची घ्यावी का? सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ले तालुक्यात आमची काजूची कलमबाग आहे, बहुतेक झाडं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. घराला लागूनच छोटं प्रक्रिया युनिट आहे. बाग सासरे आणि दीर बघतात, बी वाफवायचा बॉयलर आणि बी फोडणं यजमानांकडे, हिशेब, पॅकिंग आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे. साल काढायला आणि गर निवडायला वाडीतल्याच बायका येतात.

मार्च ते मे आम्ही स्वतःची आणि आजूबाजूच्या बागायतदारांची बी घेतो, उन्हात वाळवून पोत्यांत भरतो आणि वर्षभर फोडतो. सगळा पैसा त्या तीन महिन्यांत लागतो आणि तो बँकेच्या कॅश क्रेडिटमधून येतो, म्हणून मनात आहे तेवढी बी कधीच भरता येत नाही. आता नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या ऑर्डरी गेल्या की गोदामात जेमतेम जानेवारीच्या मध्यापर्यंत पुरेल एवढीच उरते. नवीन बी फेब्रुवारीअखेर दिसायला लागली तरी वाळून फोडण्याजोगी व्हायला मार्च उजाडतो.

तोवर युनिट बंद ठेवायचं का, हा प्रश्न आहे. बायकांना आम्ही किलोवर मजुरी देतो. काम नाही तर पैसे नाहीत, आणि बचत गटाचे हप्ते काही थांबत नाहीत. दोन महिने घरी बसवलं तर त्यातल्या निम्म्या दुसरीकडे जातील, आणि गर न मोडता साल काढणारा हात तयार व्हायला वेळ लागतो. पाकळी आणि तुकडा वाढला की अख्ख्या गराचा भाव हातचा जातो.

एका व्यापाऱ्याने आफ्रिकेतली बी देऊ केली आहे. यजमान म्हणतात घेऊया. सासरे म्हणतात, बागेच्या नावाने विकतो तिथे दुसरी बी आणायची नाही. मला दोघांचंही पटतं. आमची पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर पहिलं हेच विचारतात, "तुमच्याच बागेतले ना?" त्यांना मी खोटं सांगणार नाही. पण ज्या बायकांच्या जिवावर हे युनिट उभं आहे, त्यांना दोन महिने वाऱ्यावर सोडणंही माझ्याच्याने होणार नाही.

त्यात बागेत मोहोर सुरू झालाय. ढगाळ हवा आली की ढेकण्या (मोहोरातला रस शोषणारा किडा) वाढतो, फवारणी पुढे ढकलता येत नाही. गावोगाव जत्रा आहेत, त्या दिवशी गडी येत नाही, आणि यावंही कशाला, वर्षाची जत्रा आहे. म्हणून यजमान बॉयलर सोडून बागेत, असं चाललंय.

बाहेरची बी घेतलेल्यांनी कृपया सांगा: बी पारखायची कशी, आणि दोन्ही माल वेगळे ठेवून विकता येतात का?

प्रतिसाद (चंदगड):
ताई, आम्ही घेतो. आधी कुठल्या देशाची आणि कधीची ते विचारा. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण आपल्याबरोबरच असतो, म्हणजे आता मिळेल ती बी जुनी. गर पिवळट पडतो, साल चिकटून बसते. टांझानियाचा हंगाम मात्र ऑक्टोबरात सुरू होतो, तिची ताजी बी याच दिवसांत येते. व्यापारी उतारा पाऊंडात सांगेल, ८० किलोच्या बीमागे किती पाऊंड गर. ४८ म्हटलं तर सुमारे २२ किलो. तोंडी हिशेबावर जाऊ नका. वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ-मूठ काढून किलोभर बी समोर कापा, चांगला, डागी आणि कुजका गर वेगळा करून वजन करा. आणि बी जराशीही ओलसर वाटली तर परत पाठवा.

प्रतिसाद:
मी स्वतः साल काढायचं काम केलंय, म्हणून एक सांगते. वेंगुर्ला-७ चा गर टपोरा, किलो पटकन भरतो. बाहेरची बी बारीक असते, तेवढ्याच किलोला कितीतरी जास्त गर हाताखालून जातात. दर तोच ठेवलात तर काम देऊनही बाईच्या हातात कमी पैसे पडतील. त्या मालाला किलोचा दर वाढवून द्या, आणि तो खर्च धरूनच बी परवडते का ते बघा.

प्रतिसाद (कुडाळ):
सासऱ्यांचं म्हणणं सोडू नका. 'वेंगुर्ला काजू'ला भौगोलिक मानांकन आहे, बाहेरच्या बीचा गर त्या नावाखाली विकता येत नाही. बागेच्या पाकिटात तो घालूच नका. तो माल ३२० नंबरच्या (पाऊंडाला साधारण ३२० गर भरतात तो आकार) डब्यांत मिठाईवाल्यांना आणि हॉटेलांना द्या, त्यांना नंबर आणि रंग महत्त्वाचा. लॉट पूर्ण संपल्याशिवाय दुसरी बी बॉयलरला लावू नका, ड्रायरचे ट्रे झाडून घ्या. फवारणीसाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विचारा, आणि मोहोरावर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच मारा, मधमाश्या असतात.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. मजुरीच्या दराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ते आज बायकांबरोबर बसून ठरवते. सासऱ्यांना वेगळ्या डब्यांचं सांगितलं. बागेच्या पाकिटाला हात लागणार नसेल तर थोडी बी आणून बघा, म्हणाले. व्यापाऱ्याकडे टांझानियाची बी आहे का विचारलंय, नमुना कापल्यावर आकडे इथे टाकते. बागेचा गर फेब्रुवारीत संपला तर गिऱ्हाइकांना "मार्चनंतर मिळेल" असंच सांगणार आहे. आगाऊ नोंदणी कोणी घेतं का? पैसे आधी घेता की माल तयार झाल्यावर?