‘दोनच मिनिटं बोलू का?’ धर्म सांगायला आलेल्या अनोळखी माणसाचं काय करायचं?

उंबरठा (धागा काढणारी)

वडिलांची तपासणी आत चालली होती आणि मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काळजीत दिसताय?" खरं सांगते, बरं वाटलं. सकाळपासून कुणी तेवढंही विचारलं नव्हतं. मी बोलत गेले. काय दुखतंय, कधीपासून, मला कशाची भीती वाटते, सगळं. पाचेक मिनिटांनी त्यांच्या पिशवीतून पुस्तिका निघाली. "आम्ही प्रार्थना करूच, पण तुम्हीही एकदा येऊन बघा."

त्यांच्या धर्माचा राग नाही आला. मी जे सांगितलं ते एका माणसाला सांगितलं होतं, आणि त्या तेवढा वेळ पिशवीची चेन कधी उघडायची याचा अंदाज घेत होत्या, याचा आला.

आणि मी काय केलं? हो हो म्हणत पुस्तिका घेतली. वर फोन नंबर दिला! आता दोन दिवसांआड मेसेज येतात.

माझं मत आता पक्कं झालंय. पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘नाही, मला यात रस नाही’ म्हणावं आणि थांबावं. कारण देऊ नये. ‘वेळ नाही’ म्हटलं की ‘मग कधी येऊ?’, ‘माझा धर्म वेगळा आहे’ म्हटलं की ‘आम्ही सगळ्याच धर्मांचा आदर करतो’. प्रत्येक कारणावर उत्तर आधीच पाठ असतं. ऐकून घेण्याला मी सभ्यपणा समजत होते, तो निव्वळ भिडस्तपणा होता. तुम्ही काय करता?

कडूजहाल

मी आत बोलावतो. बसवतो. त्यांच्याच ग्रंथातले परस्परविरोधी उतारे काढून ठेवलेत, एकेक करून समोर ठेवतो. तिसऱ्याला चेहरा उतरतो. शिवाय तेवढा वेळ ते माझ्याकडे अडकतात, म्हणजे पुढची चार घरं वाचतात. समाजसेवाच समजा.

खवचट काका

कडूजहाल, आजवर किती जणांनी तुमच्या खुर्चीत बसून धर्म सोडला?

कडूजहाल

प्रश्न तत्त्वाचा आहे.

खवचट काका

म्हणजे शून्य. त्यांचाही आकडा तोच असेल. जोडी छान जमलीये.

जुनी पायरी

आतल्या गोटातली माहिती देतो. सतराव्या वर्षापासून चार वर्षं मी दारोदार फिरलोय. पंथ कोणता ते सांगत नाही. खाली नावं येतील त्यांतला नाही.

कडूजहाल, तुमच्यासारखा गृहस्थ भेटला की आमची चैन असायची. बसायला मिळायचं, पायांना आराम, आणि संध्याकाळी सांगायला किस्सा. तिसऱ्या उताऱ्याला उतरलेला चेहरा बहुधा कंटाळ्याचा असतो. तुमचे उतारे आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात उत्तरांसकट शिकवलेले असतात.

काका शून्य म्हणाले ते फार चुकीचं नाही. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) प्रचारकांचे आकडे छापले होते. अनोळखी दार ठोठावून सुरुवात झाली तर हजारात एक जण पंथात येतो. तीच पहिली भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या घरी झाली, तर निम्मे येतात. म्हणजे माणूस पटून नंतर येतो, आधी ओळखीने येतो.

मग हजारात एकासाठी पोरांना का फिरवतात? मॉर्मन तरुण दोन-दोन वर्षं देतात, तरुणी दीड वर्ष. यहोवाचे साक्षीदार हा घरोघर प्रचार करणारा दुसरा ख्रिस्ती पंथ, ते तर २०२३ पर्यंत दर महिन्याला प्रचाराचे तास लिहून देत. मला स्वतःला उत्तर सापडलं ते बाहेर पडल्यावर. ते फिरणं दारातल्या माणसासाठी नसतंच, फिरणाऱ्यासाठी असतं. दिवसभर शंभर तोंडांनी झिडकारलं की संध्याकाळी पाठीवर हात ठेवणारी माणसं तेवढी आपली वाटतात. तुम्ही दार जितक्या जोरात आपटाल, तितकं ते पोर पंथात घट्ट रुतेल. त्यामुळे उंबरठाताईंचा नियम मला मान्य, फक्त आवाज चढवू नका. आणि ‘पुन्हा येऊ नका’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. साक्षीदारांसारखे काही गट अशा घरांची नोंद ठेवतात. ‘आत्ता नको’ची नोंद ‘नंतर या’ अशी होते.

सनदी

मी थोडा उलट बाजूने बोलतो. इथे सगळ्यांनी गृहीत धरलंय की समोरून येणारा माणूस हा उपद्रव आहे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म पाळण्याबरोबर धर्म *बदलण्याचंही* स्वातंत्र्य देतं. कुणी कुणाला काही सांगायचंच नाही, तर बदलणारा बदलणार कशावरून?

ग्रीसमधल्या मिनोस कोक्किनाकिस यांचं प्रकरण बघा. १९३६ साली यहोवाचे साक्षीदार झाले. त्यानंतर प्रचारासाठी अटक साठहून जास्त वेळा! १९८६ मध्ये ते आणि त्यांची बायको एका बाईंच्या घरी बोलायला गेले. बाईंचे पती चर्चमधले गायक, त्यांनी पोलीस बोलावले. धर्मप्रचाराला गुन्हा ठरवणारा १९३८चा कायदा होताच, शिक्षा झाली. १९९३ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, या माणसाच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झालाय. दारात येऊन बोलणाऱ्याचा कंटाळा येणं आणि त्याला तुरुंगात टाकणारा कायदा यांत वाटतं तेवढं अंतर नसतं.

अबोली

सनदी, तुरुंगात टाका असं कुणीच म्हणालेलं नाही. त्याला बोलायचा हक्क आहे, पण माझे कान त्या हक्कात येत नाहीत.

अमेरिकेतलंच घ्या. ओहायोतल्या स्ट्रदर्स नावाच्या गावात पत्रकं वाटायला घरांची घंटा वाजवायची नाही, असा नियम होता. कारण काय, तर बरेच कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असत. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला, पण ‘वाजवा खुशाल घंटा’ असं नाही म्हटलं. कुणाला येऊ द्यायचं हे गावाने नाही, घरमालकाने ठरवायचं, हा मुद्दा होता. मालकाने ‘नको’ सांगितल्यावरही येणाऱ्याला रोखणारा नियम चालतो. म्हणजे तो ‘नको’ माझ्या मालकीचा आहे, आणि त्यासाठी मला खुलासा द्यावा लागत नाही.

आणखी एक. पुरुष मंडळी ‘आत बोलावून बसवतो’ वगैरे सहज लिहून जातात. घरात एकटी असताना दारात दोन अनोळखी पुरुष असतील तर ते धर्म सांगायला आलेत की दुसरं काही, हे मला कसं कळावं? मी साखळी काढत नाही. दाराच्या फटीतूनच ‘नको’ म्हणते. त्यांना ते उद्धट वाटत असेल तर वाटो.

निमित्तमात्र

मी धर्म सांगणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे इथे मार खायची तयारी ठेवून लिहितोय.

पुढचा पूल वाहून गेलाय हे मला ठाऊक असेल, तर मी रस्त्यात उभा राहून हात करणारच. गाडीवाला शिव्या देईल, देऊ दे. मला जे तारक वाटतं ते स्वतःपुरतं ठेवून शेजाऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारणं मला जमत नाही. तुम्हाला ती घुसखोरी वाटते, मला न सांगणं कोतेपणाचं वाटतं.

उंबरठा

निमित्तमात्र, सरळ लिहिलंत त्याबद्दल आभार. पण पूल वाहून गेला असेल तर मी गाडीतून उतरून बघू शकते. आणि पुलापाशी हात करणारा माणूस आधी माझ्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी करून मग नंबर मागत नाही. तो लांबूनच ओरडतो. तुम्हीही ओरडा ना! ‘मी अमुक धर्माचा प्रचारक आहे, ऐकायचंय का?’ हे पहिलं वाक्य असू दे. माझं भांडण या वाक्याच्या जागेशी आहे.

निमित्तमात्र

पहिल्या वाक्यात तसं म्हटलं तर कुणीच थांबत नाही.

अबोली

उत्तर मिळालं की मग!

खवचट काका

आणि आपल्याच धर्मातले जे रोज पहाटे साडेपाचला मला ‘अधिक धार्मिक’ करायला मेसेज पाठवतात, त्यांच्यासाठी साखळी कुठे लावायची? परका निदान बूट काढून दाराबाहेर उभा राहतो.

जुनी पायरी

उंबरठाताईंच्या बाकावरच्या प्रसंगाबद्दल लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितोच.

ते आम्हाला शिकवलेलं असायचं. सुखात असलेल्या माणसाच्या मागे वेळ घालवू नका. घरात मरण झालंय, संसार मोडलाय, नोकरी गेलीये, माणूस नव्या गावात एकटा आलाय, तिथे जा. जॉन लॉफलंड आणि स्टार्क यांनी १९६५ मध्ये धर्मांतराचे टप्पे मांडले, त्यांतही आयुष्याचं असं वळण आहे. आम्ही त्यांचं काही वाचलेलं नव्हतं, पण आमच्या वरच्यांना अनुभवाने सगळं ठाऊक होतं.

नवरा गेलेल्या एका बाईंकडे मी महिन्याच्या आत पोचलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्या तीन भेटींत धर्म काढलाच नाही. बाजारातून सामान आणून दिलं, गळका नळ बसवला. चौथ्या भेटीत काढला. त्या आल्या. आठ महिन्यांनी मी पंथ सोडला, त्या आत राहिल्या, आणि बाहेर गेलेल्याशी बोलायचं नाही हा आमचा नियम त्यांनी माझ्याशी पाळला. मीच शिकवला होता त्यांना.

सनदी, ग्रीसचंच दुसरं प्रकरण आहे, १९९८चं. हवाई दलातले अधिकारी हाताखालच्या सैनिकांना आपल्या पंथाकडे ओढत होते. त्याच न्यायालयाने सांगितलं की बाहेरच्या नागरिकांना सांगितलं त्याची शिक्षा चूक, पण हाताखालच्यांना सांगितलं त्याची योग्य. कारण सैनिक साहेबासमोरून उठून जाऊ शकत नाही. त्या बाईंना मी साहेब नव्हतो. पण त्या मला घराबाहेर काढू शकल्या असत्या, असं मला मनापासून म्हणता येत नाही.

सनदी

ही रेघ मला मान्य आहे. उठून जाता येतं का, हीच कसोटी धरू. दवाखान्यातला बाक त्यात बसत नाही, हेही मान्य. तिथे मी उंबरठा यांच्या बाजूचा.

पण एक विचारतो, टोमणा समजू नका. त्या महिन्यात त्या बाईंकडे तुमच्याशिवाय आणखी कोण गेलं होतं?

जुनी पायरी

कोणी नाही.

कडूजहाल

बरं, उतारे बदलतो मी. (हलके घ्या.) वाद घालण्यातली मजा जरा गेलीच राव. पण माझ्या दारातल्या पोराला पुढच्या वेळी काय विचारू?

जुनी पायरी

घरी शेवटचा फोन कधी केलास, ते विचारा. उतारा काढू नका.

उंबरठा

काल वडिलांचे रिपोर्ट आले. काळजीचं काही नाही.

त्या बाईंना दोन ओळी पाठवल्या. ‘वडील बरे आहेत. मला धर्म बदलायचा नाही, यापुढे मेसेज पाठवू नका.’ पहिली ओळ लिहायची गरज नव्हती हे मला कळतंय. अबोली रागावेल. पण विचारलं त्यांनीच होतं ना.

‘ऐकून बरं वाटलं. ठीक आहे.’ असं उत्तर आलं. त्यानंतर काही नाही.

अबोली

रागावले नाही. नंबर ब्लॉक केलास का?

उंबरठा

अजून नाही.